बांध बांधायला चेक, राखायला कोण?



मागच्या महिन्यात आपल्या निधीसमितीची ईमेल तुम्हा सगळ्यांना आली असेल. मराठवाड्यातल्या एका गावच्या पाझर तलावाचा मातीचा बांध दीड मीटरने उंच करायचा आहे. पंधरा हजार डॉलर्स हवे आहेत. उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या तलावाचे फोटो सोबत आहेत, आणि काम पुरं झाल्यावर बांधावर देणगीदारांच्या नावांची फरशी बसणार आहे. मी त्या ईमेलला "चेक पाठवण्याआधी थोडं थांबू या" असं दोन ओळींचं उत्तर टाकलं, आणि संध्याकाळपर्यंत तीन फोन आले. एका मित्राने तर सरळच विचारलं, "तू पुण्याचा. नळ सोडला की पाणी. दुष्काळ म्हणजे काय ते तुला काय कळणार?"

प्रश्न रास्त आहे. दोन ओळींत उत्तर देऊन मीच चूक केली. म्हणून आज सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी धरणाच्या विरोधात नाही. १९७२च्या दुष्काळात माझी मावशी बीड जिल्ह्यात शिक्षिका होती, तिने रोजगार हमीच्या कामांवर खडी फोडणाऱ्या बायकांच्या रांगा पाहिल्या होत्या. पैठणला गोदावरीवर दहा किलोमीटर लांबीचं मातीचं धरण उभं राहिलं. जायकवाडीचं भूमिपूजन १९६५मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झालं आणि १९७६मध्ये इंदिरा गांधींनी ते राष्ट्राला अर्पण केलं. त्याच्या कालव्यांमुळे कोणाच्या शेतात ऊस आला आणि कोणाची जमीन बुडाली हा वेगळा वाद आहे, आणि तो आपण इथे अनेकदा घातला आहे. पण आडातही नाही आणि पोहऱ्यातही नाही अशा मुलखात पाणी अडवायला हवं, याबद्दल माझं दुमत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की मातीचा बांध ही एकदा बांधून मोकळं होण्याची वस्तू नाही. आणि आपण पैसे देतो ते फक्त बांधून मोकळं होण्यासाठी.

हे मला कुठे कळलं ते सांगतो.

१२ जुलै १९६१, बुधवार. मी आठ वर्षांचा होतो. आम्ही शनिवार पेठेत नदीपासून फार लांब नसलेल्या एका वाड्यात भाड्याने राहत होतो. पावसाची झड होती. आई सकाळचा स्वयंपाक करत होती. तेवढ्यात एक सायकलवाला ओरडत बोळातून गेला, "धरण फुटलं, पळा!" आधी कोणाचा विश्वास बसला नाही. धरण फुटतं म्हणजे काय होतं, हेच कोणाला माहीत नव्हतं. वडिलांनी मला खांद्यावर घेतलं, आईने धाकट्या बहिणीला घेतलं, आणि आम्ही भवानी पेठेत मामांकडे चालत सुटलो. वाड्यातल्या आजी, ज्या आम्हाला दुपारी भाजलेले शेंगदाणे द्यायच्या, त्या "स्टोव्ह बंद केला का बघून येते" म्हणून मागे फिरल्या. त्या पुन्हा दिसल्या नाहीत.

चार दिवसांनी परत आलो तेव्हा वाड्याची मागची भिंत नव्हती, आणि उरलेल्या खोल्यांत गुडघाभर गाळ होता. रॉकेल, कुजलेलं धान्य आणि ओली माती यांचा मिळून एक वास येत होता. तो वास मला आजही इथे कुणाच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरलं की येतो. पुढे पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती झाल्या. पुण्याचा नकाशाच त्या एका दिवसाने बदलला. माणसं नक्की किती गेली तो आकडा कधीच एकमताने ठरला नाही. हजाराच्या आसपास असं सर्वसाधारणपणे म्हटलं जातं.

मोठा झाल्यावर मी त्या प्रकरणाचं मिळेल ते वाचलं. पानशेत हे मुठेला मिळणाऱ्या आंबी नदीवरचं मातीचं धरण. काम पुरं झालेलं नव्हतं. पाणी सोडण्याच्या मोरीची दारं नीट बसलेली नव्हती. तरीही त्याच पावसाळ्यात पाणी साठू दिलं गेलं. मोरीच्या वरचा बांध खचू लागला. ११ जुलैच्या रात्रभर लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून तो बांध तोलून धरला. त्यांच्यामुळे पाणी काळोखात न येता दिवसा आलं, आणि आमच्यासारखी हजारो माणसं वाचली. पानशेतचं पाणी खाली आल्यावर खडकवासल्याची दगडी भिंतही गेली.

मला यात सगळ्यात जास्त काय बोचतं? धरण फुटलं याचं दुःख आहेच. पण जवान रात्रभर पोती रचत होते, म्हणजे धरण धोक्यात आहे हे कोणाला तरी आदल्या दिवशीच माहीत होतं. चाळीसेक किलोमीटरवर आमचा वाडा झोपलेला होता. आम्हाला सांगायला आला तो एक सायकलवाला, आणि तो कोणत्याही खात्याचा नव्हता.

आता डेव्हन ॲव्हेन्यूवर या. गांधी मार्गाची पाटी आहे त्या पट्ट्यात मी तीस वर्षं शनिवारची ग्रोसरी करतो आहे. एका दुकानाच्या गल्ल्यावर एक गुजराती गृहस्थ बसायचे, त्यांना आम्ही सगळे भाई म्हणायचो. एकदा जुलैत धो धो पाऊस पडत होता, रस्त्याच्या कडेला गटाराची झाकणं उचलली जात होती, आणि मी बोलता बोलता पानशेतचं नाव काढलं. भाईंनी कोथिंबिरीची जुडी हातातच ठेवली. म्हणाले, "साहेब, मी मोरबीचा."

मच्छू नदीवरचं दुसरं धरण, ११ ऑगस्ट १९७९. मधे दगडी सांडवा आणि दोन्ही बाजूंना मातीचे बांध. सांडव्यातून जेवढं पाणी जाईल असा हिशेब केला होता त्याहून खूपच जास्त आलं, मातीच्या बांधावरून वाहिलं आणि बांध धुऊन गेला. दुपारी मोरबी गाव पाण्याखाली गेलं. किती माणसं गेली याचे आकडे दोन हजारांपासून कितीतरी पटींनी वरपर्यंत सांगितले जातात. चौकशी आयोग नेमला, आणि काम पुरं होण्याआधीच सरकारने तो गुंडाळला. भाई म्हणाले, "आम्हालाही कोणी सांगितलं नाही." त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून कोथिंबिरीचे पैसे घेतले नाहीत.

मातीचं धरण फुटण्याची कारणं कोणत्याही इंजिनियरला विचारा, तो तीन-चारच सांगेल. पहिलं, पाणी बांधावरून वाहतं. म्हणजे सांडवा अपुरा पडला. दुसरं, बांधाच्या आतून किंवा खालून पाणी वाट काढतं आणि जाताना मातीचे कण घेऊन जातं. तिसरं, बांध खचतो किंवा त्याचा उतार घसरतो. मातीच्या प्रत्येक बांधातून थोडं पाणी झिरपतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आतला चिकणमातीचा गाभा आणि खालची गाळणी त्यासाठीच असतात. पण झिरपणारं पाणी स्वच्छ आहे तोवर ठीक. ते गढूळ झालं, की बांध आतून पोखरला जातो आहे. हे ओळखायला पदवी लागत नाही. रोज बांधाच्या पायथ्याशी गुरं चारणाऱ्याला ते आधी दिसतं. त्याने सांगितलेलं ऐकणारा आणि लिहून घेणारा कोणी हवा, एवढंच.

तिवऱ्याला तो नव्हता. चिपळूण तालुक्यातलं हे छोटं धरण २ जुलै २०१९च्या रात्री साडेनऊच्या सुमारास फुटलं आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसहून अधिक माणसं मेली. गळतीची तक्रार आपण आधीच केली होती असं गावकरी सांगत होते. त्यानंतर तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी धरण खेकड्यांनी पोखरल्यामुळे फुटलं असं विधान केलं. महाराष्ट्रभर हसू झालं, व्यंगचित्रं निघाली, आंदोलनात लोकांनी खेकडे आणले.

मीही हसलो. मग इथल्या फेमाची एक पुस्तिका हाती आली, मातीच्या धरणांवर प्राण्यांचा काय परिणाम होतो यावरची. अख्खी पुस्तिका! मस्करॅट, ग्राउंडहॉग, बीव्हर, आणि हो, खेकड्याचे भाऊबंद असलेले क्रेफिशसुद्धा. कोण कुठे बीळ करतं, ते कसं ओळखायचं, कसं बुजवायचं. बांधावर वाढणाऱ्या झाडांवर वेगळी पुस्तिका. म्हणजे खेकडे बांध पोखरतात हे हसण्यासारखं नाहीच. ती तपासणीच्या यादीतली एक साधी ओळ आहे. मंत्रिमहोदयांनी खेकड्याचं नाव घेतलं तेव्हा विचारायला हवं होतं, की ही ओळ शेवटची कोणी तपासली, कोणत्या तारखेला, आणि त्या कागदावर सही कोणाची आहे?

इथे कोणी म्हणेल, झालं, आता अमेरिकेची आरती सुरू. तसं नाही. इथलेही कायदे मुडद्यांवरच उभे राहिले. १९७२मध्ये वेस्ट व्हर्जिनियात बफेलो क्रीकला कोळशाच्या खाणीचा बांध फुटून १२५ माणसं मेली. १९७६मध्ये आयडाहोतलं टेटन धरण, सिंचनासाठी आणि पूर अडवण्यासाठी सरकारनेच बांधलेलं मातीचं धरण, पहिल्यांदा भरताना फुटलं आणि ११ माणसं गेली. १९७७मध्ये जॉर्जियात केली बार्न्सचा बांध एका कॉलेजवर कोसळला, ३९ मेले. त्यानंतर कुठे देशभर तपासण्या सुरू झाल्या, धरणांची राष्ट्रीय यादी मार्गी लागली.

पण त्या शिकण्याचा उपयोग झाला का, हे आपल्या शेजारच्या राज्यातच दिसलं. १९ मे २०२० रोजी मिशिगनमधलं एडनव्हिलचं मातीचं धरण फुटलं, आणि त्याच्या पाण्याने खालचं सॅनफर्डचं धरणही गेलं. धरण खासगी मालकीचं होतं. सांडवा अपुरा आहे म्हणून केंद्रीय नियामकाने २०१८मध्ये त्याचा वीजनिर्मितीचा परवाना काढून घेतला होता, तरी सांडवा मोठा झाला नाही. म्हणजे नफेखोरी, चालढकल, एका सरकारी कचेरीकडून दुसरीकडे ढकललेली फाइल, सगळं आपल्यासारखंच. फरक एकच. कोविडचे दिवस असूनही दहा हजारांच्या आसपास माणसांना वेळेवर घराबाहेर काढलं गेलं. घरं गेली, तळी रिकामी झाली, एकही माणूस मेला नाही.

दोन्हीकडे धरण फुटलं. भेंदवाडीत माणसं मेली, मिशिगनमध्ये नाही. हा फरक सिमेंटचा किंवा मातीचा नाही. खालच्या माणसाला कोण, केव्हा, कसं सांगणार हे आधी ठरलेलं होतं की नाही, याचा आहे.

हे समजून घ्यायला मिशिगनलाही जायला नको. आपला डेव्हन ॲव्हेन्यू विमानतळाच्या पलीकडे पुन्हा सुरू होतो आणि एल्क ग्रोव्ह व्हिलेजच्या बाजूला सॉल्ट क्रीक नावाचा ओढा ओलांडतो. त्याच ओढ्यावर थोडं वर बसी वुड्सचा तलाव आहे. आपल्या किती सहली तिथे झाल्या! पोरं एल्क बघायला धावतात, आपण पोळीभाजीचे डबे उघडतो. तो तलाव नैसर्गिक नाही. १९७०च्या दशकात पूर अडवण्यासाठी ओढ्यावर मातीचा बांध घालून तो केला आहे. पुढच्या वेळी गेलात की बांध पाहा. त्यावर गवत कापलेलं असतं. ते शोभेसाठी नसतं. गवत छोटं असलं की बीळ, भेग आणि ओल दिसते.

आणखी एक गोष्ट तिथे शिकण्यासारखी आहे. पूर अडवायला तलावात जागा रिकामी हवी. सिंचनाला तो काठोकाठ भरलेला हवा. एकाच भांड्याकडून दोन्ही कामं करून घ्यायची, तर पाऊस बघत रोज निर्णय घ्यावा लागतो. आपल्याकडची बहुतेक धरणं सिंचनाची. ऑक्टोबरपर्यंत भरलीच पाहिजेत हे दडपण, आणि भरल्यावर शेवटचा पाऊस आला की दारं उघडण्यावाचून गत्यंतर नाही. २००६च्या ऑगस्टमध्ये जायकवाडीतून पाणी सोडल्यावर पैठणकरांनी हे भोगलं आहे. म्हणून सांडव्याचा आणि इशाऱ्याचा विचार आधी, साठ्याचा नंतर.

आता आपल्या गावच्या बांधाकडे येतो. बांध दीड मीटरने वाढवायचा आहे. मी निधीसमितीला तीन प्रश्न विचारले. सांडवा त्या प्रमाणात रुंद आणि उंच करणार का? जुन्या बांधाची आत्ताची अवस्था कोणी तपासली? आणि बांधाखाली किती घरं आहेत? प्रस्तावात तिन्हींचं उत्तर नाही. खालच्या अंगाला वस्ती आहे, हे फोटोतच दिसतं. सांडव्याकडे न बघता मातीच्या बांधाची उंची वाढवणं म्हणजे मोरबीची तालीम करणं. आपण सज्जन आहोत, गरिबांसाठी करतो आहोत, याने पाण्याचा हिशेब बदलत नाही.

"सरकार बघेल की", असं एक मित्र म्हणाला. भारतात धरण सुरक्षा कायदा २०२१मध्ये झाला आणि ३० डिसेंबर २०२१पासून लागू झाला. चांगला कायदा आहे. दर पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, जुन्या धरणांसाठीसुद्धा पाच वर्षांत आपत्कालीन कृती आराखडा, म्हणजे ३० डिसेंबर २०२६पर्यंत, आणि कायद्याखालचे निर्देश न पाळल्याने जीव गेल्यास कैद. पण तो पंधरा मीटरहून उंच धरणांना लागू आहे, आणि दहा ते पंधरा मीटरच्या धरणांपैकी काही अटींत बसणाऱ्यांना. आपला पाझर तलाव वाढवल्यावरही दहा मीटरच्या खालीच राहतो. म्हणजे तो या कायद्याच्या बाहेर आहे. कायदा जिथे थांबतो, तिथे पैसे देणाऱ्याची जबाबदारी सुरू होते. मालकी कागदोपत्री जिल्हा परिषदेची राहील, पण फरशीवर नावं आपली असतील.

विरोधाचा एक मुद्दा मला खरंच अडवतो, तोही मांडतो. एका ताईंनी लिहिलं, "असे प्रश्न विचारत बसलो तर काहीच होणार नाही. गावातल्या बायका आज टँकरमागे धावताहेत. तुमची कागदपत्रं येईपर्यंत दोन उन्हाळे जातील." त्यांचं खरं आहे. पाण्यावाचून माणूस रोज थोडा थोडा मरतो आणि त्याची बातमी होत नाही. धरण फुटलं की होते. पण उपाय घाई करण्यात नाही. बघणाऱ्याचा खर्च आपल्या देणगीतच धरण्यात आहे. एक अनुभवी निवृत्त इंजिनियर गावात आठ दिवस राहून पाहणी करू शकतो. दोन उन्हाळे लागायचं कारण नाही.

म्हणून माझा ठोस प्रस्ताव असा. एक, पंधरा हजारांपैकी तीन हजार डॉलर्स बांधाच्या राखणीसाठी वेगळे ठेवायचे आणि ते गावातल्या दोन माणसांना मानधन म्हणून वर्षावर्षाने द्यायचे. त्यातली एक तरी बाई असावी, कारण पाण्याच्या काठावर रोज तीच जाते. दोन, त्यांनी पावसाळ्यात रोज आणि एरवी आठवड्याला एकदा बांध चालून बघायचा. पाण्याची पातळी, झिरप स्वच्छ की गढूळ, भेग, बीळ, झुडूप, एवढं वहीत लिहायचं, आणि वही ग्रामसभेत वाचायची. तीन, पाणी अमुक खुणेवर आलं किंवा झिरप गढूळ झाली की कोणी कोणाला फोन करायचा, देवळाचा भोंगा कोणी वाजवायचा, माणसं कोणत्या टेकाडावर जायची, हे मराठीत एका पानावर लिहून ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्या भिंतीवर लावायचं. आणि चार, सांडव्याचा हिशेब एका इंजिनियरच्या सहीनिशी आल्याखेरीज उंची वाढवायची नाही. त्याऐवजी पहिल्या वर्षी गाळ काढू. गाळ काढल्यानेही साठा वाढतो, आणि पाण्याची पातळी तीच राहते.

आपल्यापैकी ज्यांची मूळ गावं मोठ्या धरणांच्या खाली आहेत, त्यांनी आणखी एक काम करावं. तुमच्या धरणाचा आपत्कालीन आराखडा तयार आहे का, आणि खालच्या गावांना तो मिळाला आहे का, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज गावातल्या नातेवाइकाकडून करून घ्यावा. फी दहा रुपये आहे. अर्जाचा मसुदा मी मराठीत करून ठेवला आहे, हवा असेल त्याने ईमेल करावी.

फरशीचं म्हणाल तर माझं नाव त्यावर नको. तिथे फरशीऐवजी पाण्याच्या खुणेचा खांब रोवावा, खाली पांढरा, वर लाल. लाल रंगाला पाणी लागलं की पळायचं, हे आठ वर्षांच्या पोरालाही कळलं पाहिजे. इंजिनियरच्या सहीचा कागद आणि भिंतीवरच्या त्या पानाचा फोटो आला, की माझा पाचशे डॉलर्सचा चेक त्याच दिवशी पोस्टात पडेल. आमच्या वाड्यातल्या आजींच्या नावाने.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहावं. पुढच्या शनिवारी दुपारी मी डेव्हनवरच आहे, नेहमीच्या चहाच्या टेबलावर. भांडायला या.